दार म्हणजे दार

रामजी घाडी यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आमच्या चाळीत कुठल्याही अक्षराचा अर्थ त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे. हे सांगितलं की लोक हसतात. हसणाऱ्यांनी करी रोडच्या आमच्या चाळीत एक श्रावण काढायला हवा होता. खाली चौकात पोथी लागायची. वाचायला एक आणि अर्थ सांगायला एक, अशी गावाकडून आलेली रीत. वाचणाऱ्याने नुसतं वाचायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. वाचणारी मी, अगदी चौथीपासून, कारण चाळीतल्या पोरींत माझं वाचन स्वच्छ. अर्थ सांगणारे रामजीबुवा.

बुवा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली की कान जातात आणि डोळे तयार होतात. खात्यातली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. बुवांनाही तीच सवय. मी ओवी वाचायला लागले की ते पोथीकडे नाही, माझ्या ओठांकडे बघायचे. ओवी संपली की डोळे मिटायचे, दोन बोटं कपाळाला लावायचे आणि बोलायला लागायचे. काय आवाज होता तो! नळावरच्या बायका भांडणं अर्धी टाकून यायच्या, आणि आमच्या नळावरची भांडणं सहसा अर्धी सुटत नसत. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले. देव कसा बोलत असेल असं मला कुणी विचारलं असतं, तर मी शेजारच्या, बुवांच्या खोलीकडे बोट दाखवलं असतं.

त्यांची बायको, कमळाबाई, गावी शेत सांभाळायची. त्यामुळे बुवांची भाकरी माझी आई भाजायची आणि ती नेऊन द्यायचं काम माझं. भाकरी खाता खाता ते मला शिकवायचे. "शब्द वरसून बघूचो नाय गो. पोथीत नदी म्हणजे नदी नसता, दार म्हणजे दार नसता. शब्दाच्या पोटात शिराक होया." त्यांचा दुसरा नियम असा की अर्थ सांगायला बसलेल्याने 'ठाऊक नाय' म्हणायचं नाही. अर्थाशिवाय सोडलेली ओवी उपाशी उठते, असं ते म्हणत. आणि हा नियम ते पोथीपुरता ठेवत नसत. गावाहून आलेली तार, घरमालकाची नोटीस, डॉक्टरची चिठ्ठी, काहीही आणा, बुवा अर्थ सांगणारच. बहुतेक वेळा तो बरोबर असे. नसे तेव्हा कुणाला कळत नसे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चाळीत शिरली आणि पोथीच्या शेजारी फळा आला. तो आणला जगदीशभाऊंनी. हे तळमजल्यावर राहायचे, फोर्टात कुठल्याशा कंपनीत कारकून होते. गिरगावातले, आमच्या कोकण्यांतले नव्हेत, बोलणं स्वच्छ, कपडे त्याहून स्वच्छ. त्यामुळे चाळ आधी त्यांना थोडी बिचकून असायची. पण माणूस सभेत पुढे, प्रभातफेरीत पुढे. जिन्याखाली त्यांनी भला मोठा लाकडी फळा टांगला, कुणी उचलायचा म्हटला तर दोघं लागावेत असा. रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यावर बातम्या, सभेची वेळ, एखादी कविता लिहायचे. अक्षर असं की खडूनं काढलंय यावर विश्वास बसू नये. फळ्याखाली बिस्किटाचा एक रिकामा डबा, वर चीर पाडलेली, आणि त्यावर त्यांच्याच हातची पाटी: चिठ्ठी टाका. नाव नको. डब्यात जे येईल ते एक शब्द न बदलता फळ्यावर जाणार, असा त्यांचा नियम होता. मीही शाळेतली सुभाषितं त्यात टाकायची.

संध्याकाळी पहिली पाळी घरी आली की माणसं फळ्यापाशी जमायची. मी वाचायची, बुवा अर्थ सांगायचे. एकदा फळ्यावर नुसतं 'आजची सभा रद्द' एवढं होतं, तर बुवांनी त्यावर पाव तास घेतला. आम्ही ऐकलंही.

मग ५६ सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटलं. त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गोळीबार. एका सकाळी अकराच्या सुमाराला आईनं मला भाकरी घेऊन बुवांकडे पाठवलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, त्याला कर्फ्यू काय करणार? मी आत गेले आणि रस्त्यावर गोळ्या सुटल्या. चाळभर दारं धडाधड लागली. बुवांनीही कडी घातली. मी भाकरीचं ताट हातात धरून भिंतीला टेकले.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी धावत वर येत होतं. सज्जातून पावलं आमच्यापर्यंत आली आणि दारावर थाप पडली.

"बुवानू! दार उघडा! मी भिवा!"

भिवा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईचा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांचा, बुवांच्याच खात्यात, मोर्चात झेंडा घेऊन पुढे असायचा. त्या दिवशी सुंदराबाई परळला बहिणीकडे अडकली होती, खोलीला कुलूप. म्हणून तो बुवांकडे आला. दुसऱ्या कुणाच्या दारावर तो थांबला नाही, हे मी पावलांवरून सांगते.

बुवांचे कान गेले होते हे खरं. पण त्यांना ऐकू आलं. कारण त्यांचा हात कडीवर गेला. मी बघत होते. तो हात थरथरत होता, आणि कडी काढण्याऐवजी तो ती दाबून धरून राहिला. बुवांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. दार आणखी दोनदा वाजलं. मग पावलं परत जिन्याकडे गेली. खालून पोलिसांचे बूट वर येत होते. ओरडणं ऐकू आलं, आणि मग जिन्यातच गोळी वाजली.

मीही दार उघडलं नाही. माझ्या हातात ताट होतं. एवढंच सांगते, जास्त काही सांगण्यासारखं माझ्यापाशी नाही.

भिवा इस्पितळाच्या वाटेवरच गेला. दिवसकार्य झालं, चाळ बोलती झाली, आणि एकच प्रश्न फिरायला लागला. पोलीस नेमके आपल्याच चाळीत कसे शिरले? उत्तर सरळ होतं. भिवा पळत आला, ते मागून आले. पण ते उत्तर घेतलं तर पुढचा प्रश्न येत होता, की शहाण्णव खोल्यांच्या चाळीत त्याला एक उघडं दार का मिळालं नाही. तो प्रश्न कुणालाच नको होता. त्यापेक्षा खबऱ्या बरा. खबऱ्या एकटा असतो.

सुंदराबाई रोज दुपारी बुवांच्या खोलीत येऊन बसायची. "बुवानू, माझ्या भिवाचो जीव खय असात आता?" आणि बुवा तिला सांगायचे. डोळे मिटून, दोन बोटं कपाळाला लावून, त्याच आवाजात. जीव कसा पाखरासारखा सुटतो, त्याला कुठली वाट मिळते, त्याच्यासाठी कुठलं दार उघडतं. हो, दार उघडतं असं म्हणायचे! ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवायची आणि हलक्या मनानं जायची. शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली मी हे सगळं ऐकायची. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. माझ्या डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं. मला त्या आवाजाची शिसारी यायला लागली, आणि त्या शिसारीचीच भीती वाटायला लागली, कारण तो आवाज गेला तर माझ्यापाशी उरणार काय?

एका दुपारी मी कविता लिहिली. बुवांच्याकडून कानात बसलेल्या चालीवरच लिहिली. बाईचा हात कळू नये अशी, नाव न घालता, आणि डब्यात टाकली. दुसऱ्या सकाळी ती जगदीशभाऊंच्या अक्षरात फळ्यावर होती:

तुझ्या आवाजात । ऐकला मी देव ।
विसावला जीव । ऐकताना ॥

तू पुढे चालता । दिसे पायवाट ।
तुझ्यामागे ताठ । झाली मान ॥

हाक आली तेव्हा । तू होतास आत ।
थरथरे हात । कडीवर ॥

आता तोच स्वर । कानी येतो जेव्हा ।
आठवते तेव्हा । बंद दार ॥

माझा हिशेब भाबडा होता. संध्याकाळी मी हे वाचणार, बुवा माझ्या ओठांवरून ते ओळखणार, आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, ते थांबणार. काहीतरी फुटणार. त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून मी कविता केली. लोक कवितेला धाडस म्हणतात. माझी तरी कविता भित्रेपणातून आली होती.

संध्याकाळी चौक भरला. पहिलं कडवं मी वाचलं आणि बुवांनी गुरूचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्यावर ते पुढारी आणि वाट यावर रंगून बोलले. तिसरं मी सावकाश वाचलं, एकेक शब्द सुटा. हाक. आली. तेव्हा. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. 'कडीवर' म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. बोटं कपाळापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. 

दगडू पुढे झाला. हा भिवाचा जोडीदार, दोघांचे साचे शेजारी. भिवा गेल्यापासून त्याने दाढी केली नव्हती. "बुवानू, हाक कोणाची? आणि आत कोण होतो?"

त्या वेळी बुवा 'ठाऊक नाय' म्हणाले असते तरी चाललं असतं. उभ्या जन्मात एकदा म्हणायला काय हरकत होती? पण त्यांना ते शब्द येतच नव्हते.

"हाक म्हणजे महाराष्ट्राची हाक," ते म्हणाले. आवाज जरा बसला होता, मग लागला. "आत म्हणजे आपल्या संसारात. कडी म्हणजे मनाची कडी. जो फुडे चालत होतो, ज्येच्या मागसून आपण चाललो, आणि आता हाक इली तरी जो भायर पडणा नाय, त्येच्यार ह्या लिवलेला आसा."

त्यांनी नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. पुढे चालणारा आणि आता सभेला बाहेर न पडणारा चाळीत एकच होता. गोळीबारानंतर जगदीशभाऊ सभांना जायचे थांबले होते. फळा लिहायचे, कामावर जायचे, घरी यायचे. कारण साधं होतं. त्यांची बायको, दुर्गावहिनी, गरोदर होती आणि तिनं त्यांना शपथ घातली होती. पण तिचा भाऊ पोलिसात होता, आणि ते चाळीला माहीत होतं. बुवांनी अर्थ अर्धा सांगितला. उरलेला चाळीनं जोडला.

मी दार म्हणजे दार लिहिलं होतं. त्याच्या पोटात दुसरं काही नव्हतं. पण मी गप्प बसले. वाचणाऱ्यानं तोंड घालायचं नसतं ना!

त्यानंतर जे सुरू झालं त्याला आवाज नव्हता, हे सगळ्यात वाईट. दुर्गावहिनी नळावर आली की बायका बोलायच्या थांबायच्या. तिची बादली रांगेतून रोज कुणीतरी मागे सरकवायचं, आणि ती पोटाशी हात धरून मागे जाऊन उभी राहायची. एका सकाळी त्यांच्या कडीकोयंड्याला फाटकी चप्पल बांधलेली होती. मग डब्यात चिठ्ठी आली आणि जगदीशभाऊंनी ती फळ्यावर लिहिली. 'चाळीत खबऱ्या राहतो.' त्याच सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून. तीन दिवसांनी, 'भिवाचा जीव कुणी विकला?' ती पण लिहिली. एक शब्द न बदलता. मी जिन्यावरून बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी हात झटकले, खडू डब्यावर ठेवला आणि बॅग उचलून ऑफिसला गेले. ते चिठ्ठ्या फाडून का टाकत नाहीत याचा मला राग यायचा. चाळीला मात्र त्यात निर्ढावलेपण दिसलं.

होळीच्या आधीच्या शनिवारी डब्यातून आलेली ओळ फळ्यावर होती: 'उद्या रविवार. होळीआधी चाळ साफ करा.'

त्या दिवशी भाकरीचं ताट मी बुवांच्या समोर ठेवलं आणि उभी राहिले. "बुवा, ती कविता माझी आहे."

"माका ठाऊक आसा," ते म्हणाले. भाकरीकडे बघत होते. "तू वाचलंस तेवाच कळला."

"मग उद्या लोकांना सांगा. ते जगदीशभाऊंना मारतील."

 मग त्यांनी मान वर केली, आणि माझ्या ओठांकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघितलं. तसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "माझ्या तोंडार कित्या नाय बोललंस गो? तूय आत होतंस."

 त्यांनी भाकरी खाल्ली नाही. ताट मी तसंच परत आणलं, आणि आईनं काही विचारलं नाही. त्या दिवशी शेजारच्या खोलीत असून तिनं ती हाक ऐकली होती का, हे मी तिलाही कधी विचारलं नाही.

रविवारी गिरणी बंद. दहा वाजता चौकात दीडशे माणूस असेल. चौकाच्या मध्यभागी उद्याच्या होळीची लाकडं रचून ठेवली होती. जगदीशभाऊंना बोलवायला कुणाला जावं लागलं नाही. ते फळ्यापाशीच होते, फडक्यानं आदल्या दिवशीची ओळ पुसत. दुर्गावहिनी दारात उभी होती.

दगडू म्हणाला, "त्या कवितेचो अर्थ सांग. तूच लिवलंस, तूच सांग."

"मी उतरवली. लिहिली दुसऱ्या कुणी," जगदीशभाऊ म्हणाले. कविता त्यांना पाठ होती. त्यांनी ती शांतपणे म्हणून दाखवली आणि मग म्हणाले, "ह्यात पोटात शिरण्यासारखं काही नाही हो. कुणीतरी हाक मारली. आत माणूस होता. त्यानं दार उघडलं नाही. दार म्हणजे दार. कुणाचं, ते कवितेत लिहिलेलं नाही. त्या दिवशी माझंही बंद होतं. आणि तुमचंही."

सगळ्या चाळीत ती कविता सरळ वाचणारा तो एकच माणूस निघाला. आणि खरं बोलला म्हणूनच तो संपला, कारण शेवटचे ते दोन शब्द कुणालाच सोसले नाहीत. "तोंड बघा खबऱ्याचा!" असा आवाज आला आणि माणसं पुढे सरकली.

"थांबा!"

बुवा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते. दीडशे माणूस थांबलं. त्या आवाजाची ताकदच तशी होती.

"दार माझा होता," बुवा म्हणाले. "भिवान माका नावान हाक मारल्यान. मी आत होतंय. कडी काढूक नाय."

एक क्षण मला वाटलं, झालं. सुटलो सगळे.

मग सुंदराबाई गर्दीतून वाट काढत आली आणि त्यांच्या पायांवर पडली. "बुवानू, तुमी कित्याक अंगार घेतास ह्या? माझ्या भिवासाठी तुमी कित्याक?" ती हुंदके देत होती. दगडूचे डोळे भरून आले. "संत माणूस," तो म्हणाला. "दुसऱ्याचा पाप आपल्या अंगार घेता." आणि चौकभर माना हलल्या. दुसऱ्याचं पाप अंगावर घेणाऱ्या भल्या माणसाची कथा बुवांनीच तर त्यांना सांगितली होती, दर श्रावणात, डोळे मिटून. चाळ तिच्या गुरूकडून शिकली होती. दार म्हणजे दार नसतं.

"नाय गो बाय, खरा सांगतंय," बुवा म्हणत राहिले. "माझ्या ह्या हातान..." पण आवाज फुटला होता, आणि तो फुटलेला आवाजही लोकांनी मोठेपणातच जमा केला.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं नाही. बोट दाखवलं नाही. सतरा वर्षांची पोर त्या दिवशी त्यांच्या खोलीत होती, हे सांगायचं त्यांनी टाळलं, एवढं तरी त्यांनी माझ्यासाठी केलं. ते नुसते बघत राहिले, दीडशे माणसांच्या डोक्यांवरून, माझ्या ओठांकडे. साचेखात्यात बघतात तसे. ओठ हलले की त्यांना कळलं असतं.

माझे ओठ हलले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. माणसं फळ्यावर तुटून पडली. जगदीशभाऊ फळा धरून उभे होते. कुणी ओढला, कुणी ढकलला, ते नंतर कुणालाच आठवेना. फळा खिळ्यांसकट खाली आला तो त्यांच्या उजव्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला, किंवा ऐकू आला असं मला वाटतं. दुर्गावहिनीची किंकाळी मात्र नक्की ऐकली. त्यानंतर गर्दी लगेच पांगली. सोमवारी, होळीच्या दिवशी, एका हातगाडीवर ट्रंक आणि वळकटी टाकून ते दोघं गेले. गाडी ढकलायला कुणी हात लावला नाही. आणि चौकातल्या होळीत त्या वर्षी फळ्याची लाकडं जळाली.

बुवांनी त्यानंतर अर्थ सांगितला नाही. श्रावण आला, पाट मांडला, पोथी उघडली. मी ओवी वाचली आणि थांबले. ते म्हणाले, "माका ठाऊक नाय." तिसऱ्या ओवीला उठून गेले. लोकांना त्याचाही अर्थ लागला. बुवांनी भिवासाठी मौन धरलंय म्हणाले. त्यांच्या खोलीची कडी त्यांनी काढून टाकली, पक्कड घेऊन, स्क्रूसकट. दिवसभर दार सताड उघडं. त्यात बसून ते जिन्याकडे बघत राहायचे. त्यालाही चाळ वैराग्य म्हणाली. काहीही केलं तरी त्या माणसाची सुटका नव्हती.

मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. साठ सालच्या एप्रिलात शाळेच्या कामानं गिरगावात गेले होते. मुंबईसह महाराष्ट्र होणार म्हणून गल्लोगल्ली पताका लागत होत्या. फणसवाडीत एका घराच्या जिन्याखाली फळा दिसला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, कललेलं, वेडंवाकडं. खाली डबा. डब्यावर: चिठ्ठी टाका. नाव नको.

जगदीशभाऊ डाव्या हातानं लिहीत होते. उजव्याची तीन बोटं वाकडीच जुळली होती. त्यांची चार वर्षांची मुलगी पायरीवर बसून खडूचे तुकडे मांडत होती. मला बघून ते हसले. "सुमती ना? मास्तरीण झालीस म्हणे."  मी काहीतरी बडबडले, तब्येत, दुर्गावहिनी. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "जगदीशभाऊ, ती कविता..."

"तुझी होती," ते म्हणाले. "माहीत होतं मला. किती चिठ्ठ्या टाकायचीस तू, तुझं अक्षर मी ओळखणार नाही?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? चिठ्ठी दाखवली असती, तर लोकांनी मला विचारलं असतं. मला सांगावंच लागलं असतं."

त्यांनी समजत नसल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग डाव्या हातानं डब्याकडे बोट केलं. "अगं, नाव नको असं मीच लिहिलं होतं ना."

एवढंच. रागानं नाही, मोठेपणानं नाही. कार्यालयातला नियम सांगावा तसं. आणि ते परत फळ्याकडे वळले.

त्या दिवशी परत येऊन मी बुवांच्या उघड्या दारात बसले आणि त्यांना हे सगळं सांगितलं. ते माझे ओठ बघत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "नाव घालूक होया होता गो. तू चिठयेर, नि मी अर्थ सांगताना." मग बराच वेळ आम्ही दोघं जिन्याकडे बघत बसलो. मी उठले तेव्हा म्हणाले, "सुंदराबाईक सांगतलंस तर ती तुझा ऐकात." मी हो म्हटलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेही. ती दळण निवडत होती. मी तिला पाणी मागितलं, प्यायले आणि खाली आले.

बुवा त्रेसष्ट साली गेले. सगळं करी रोड त्यांच्या मयताला होतं. दगडूनं खांदा दिला, आणि माणसं म्हणत होती, असा संत पुन्हा होणे नाही. मी तेव्हाही गप्प होते. सुंदराबाई गेली, आई गेली. ती कविता कुणावर होती, असं वाचणारी म्हणून मला चाळीतलं जुनं कुणीतरी अजूनही विचारतं, आणि मी शब्दाच्या पोटात शिरल्यासारखं काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

हे लिहिलं ते मात्र चिठ्ठीसारखं टाकत नाही. रामजी घाडी यांनी त्या दिवशी दार उघडलं नाही, आणि नंतर त्यांनी खरं सांगितलं तेव्हा ते खरं होतं. मी सुमती धोंडू परब, दुसरा मजला, खोली नंबर एकेचाळीस. मी आत होते.